एका नौकेचे दोन जन्म

लहानपणीं किंवा ऐन तारुण्यांत एखादी कथा मनांत घर करून बसते. पुढें पुष्कळ वर्षांनीं कोणी नवा लेखक तींच नांवें व तेंच कथासूत्र घेऊन ती पुन्हां पहिल्यापासून सांगूं लागतो, आणि आपणांस आनंद व्हावा कीं राग यावा हें आपलें आपणांसच कळेनासें होतें. जुन्या सोबत्याची भेट होणार म्हणून मन उत्सुक होतें. तो ओळखूं येणार नाहीं या शंकेनें तें लगेच मागेंहि सरतें. या संमिश्र भावनेस वेडगळपणा समजून ती हसण्यावारी नेणारे टीकाकार पुष्कळ आहेत. आमच्या मतें तिची अधिक गंभीरपणें चौकशी व्हावयास पाहिजे. कारण कथेवर हक्क कोणाचा, तिच्या कर्त्याचा, तिच्या मालकाचा, कीं तिला जपणाऱ्या रसिकांचा, हा प्रश्न त्या भावनेच्या पोटांत दडलेला आहे.

या विचाराकरितां आम्ही एकच उदाहरण घेतों. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' ही अमेरिकन दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथेची मालिका १९७८ सालीं प्रथम निघाली, वर्षाच्या आंत बंद पडली, आणि २००३ सालीं अगदीं निराळ्या हातांनीं पुन्हां मुळापासून रचिली गेली. अशा पुनर्निर्मितीचीं उदाहरणें अनेक आहेत. परंतु जुन्या रसिकांचा रोष, नव्या कृतीचें निर्विवाद यश आणि त्या दोहोंतून उत्पन्न होणारा न्यायान्यायाचा प्रश्न हीं तिन्ही इतक्या स्पष्टपणें दुसरीकडे क्वचितच दिसतील.

मूळ कथा थोडक्यांत अशी. मानवांच्या बारा वसाहती व 'सायलॉन' नांवाचे यंत्रमानव यांच्यांत हजार वर्षें युद्ध चाललेलें आहे. शत्रूकडून तहाचें बोलणें येतें. बाल्टर नांवाच्या फितुराच्या मध्यस्थीनें घडून आलेला तो तह कपटाचा ठरतो, आणि पाहतां पाहतां बाराहि वसाहतींची राखरांगोळी होते. 'गॅलॅक्टिका' ही एकच युद्धनौका निभावते. तिचा सेनापति अडामा उरलेल्या लोकांना मिळतील त्या अवकाशयानांत घालून, पुराणांतरीं ऐकलेल्या 'पृथ्वी' नांवाच्या तेराव्या वसाहतीच्या शोधार्थ निघतो. या कल्पनेचे जनक ग्लेन लार्सन हे मॉर्मन पंथाचे होते; देशांतराच्या व हरवलेल्या बांधवांच्या ज्या कथा त्या पंथांत रुजलेल्या आहेत, त्यांची छाया या कथेवर उघड दिसते. १७ सप्टेंबर १९७८ रोजीं एबीसी वाहिनीवर पहिला भाग चालूं असतांनाच तो मध्यें थांबवून, इजिप्त व इस्रायल यांच्यांतील कँप डेव्हिडच्या करारावर सह्या होत असल्याचें दृश्य दाखविण्यांत आलें. कपटी तहानें आरंभ होणाऱ्या कथेला खऱ्या तहानें अडवावें, हा योगायोग मोठा विलक्षण होय.

त्या काळीं 'स्टार वॉर्स' या चित्रपटानें लोकांना वेड लावलें होतें. 'गॅलॅक्टिका' ही त्याचीच नक्कल आहे असा दावा ट्वेन्टिएथ सेंचुरी फॉक्स कंपनीनें युनिव्हर्सल कंपनीवर गुदरला. अवकाशांतील झुंजींचीं दृश्यें तयार करणारे जॉन डाइकस्ट्रा हे दोन्हीकडे होतेच, त्यामुळें त्या दाव्याला बाह्यतः आधारहि मिळाला. परंतु घरोघर रविवारीं संध्याकाळीं ही मालिका पाहणाऱ्या मुलांना व त्यांच्या वडीलमंडळींना या वादाशीं कर्तव्य नव्हतें. त्यांना त्या नौकेवर एक कुटुंब दिसलें. लॉर्न ग्रीन यांचा अडामा हा धीरगंभीर पिता. रिचर्ड हॅच यांचा अपोलो हा कर्तव्यतत्पर पुत्र. आणि डर्क बेनेडिक्ट यांचा स्टारबक हा चिरूट ओढणारा, जुगाराचा नाद असलेला, तोंडाळ पण जिवाला जीव देणारा मित्र. सेनापतीच्या खालोखाल अधिकार असलेला टाय आणि वैमानिक बूमर या दोन्ही भूमिका कृष्णवर्णीय नटांना दिलेल्या होत्या, आणि त्यांचा वर्ण हा कथेचा विषय केलेला नव्हता. १९७८ सालच्या अमेरिकेंत ही गोष्ट लहान नव्हे.

असें असूनहि त्या मालिकेचे दोष झांकण्यांत अर्थ नाहीं. पहिल्याच दीर्घ कथेंत, बारा वसाहतींची राख अजून निवाली नसतां, वांचलेले लोक कॅरिलन नांवाच्या ग्रहावर उतरतात. आणि तेथें द्यूतगृहें, मेजवान्या व गाणेंबजावणें यांची रेलचेल असते. तो सारा शत्रूचा सापळा असतो हें खरें. तथापि कोट्यवधि माणसें मेल्यानंतर थोड्याच दिवसांत उरलेलीं माणसें इतकीं मोकळेपणीं हसतात, याचें समाधानकारक उत्तर कथेजवळ नाहीं. पुढें तर प्रत्येक आठवड्यास नवा ग्रह, नवें संकट व नवा विजय असा परिपाठच पडला. एका छोट्या मुलाच्या करमणुकीसाठीं यांत्रिक कुत्रा आला. ज्या अपार शोकावर कथेचा पाया रचिला होता, त्या शोकाचा कथेलाच विसर पडला.

खर्च अवाढव्य होता आणि प्रेक्षकसंख्या घटत गेली. एप्रिल १९७९ मध्यें शेवटचा भाग दाखविला गेला. त्या भागाचा शेवट आम्हांस मोठा हृदयस्पर्शी वाटतो. नौकेच्या एका जुन्या कोठडींतील यंत्रावर अस्पष्ट चित्र उमटतें: चंद्रावर उतरणाऱ्या मानवांचें, म्हणजे आपल्या पृथ्वीनें पाठविलेलें चित्र. परंतु अपोलो व स्टारबक यांची तिकडे पाठ असते. ज्या निरोपासाठीं सारा प्रवास चालला आहे, तो निरोप येतो आणि कोणी न पाहतां विरून जातो. कथा येथें तुटली. पुढें लार्सन यांनींच १९८० सालीं 'गॅलॅक्टिका १९८०' या नांवानें तिचा उत्तरभाग काढला. त्यांत नौका पृथ्वीपाशीं पोहोंचली, पण अपोलो नव्हता, स्टारबक एकाच भागापुरता आला, आणि बाकीचा पसारा इतका बालिश निघाला कीं दहा भागांत तो आटोपला. आपल्या आवडत्या कथेची पहिली विटंबना तिच्या जन्मदात्याच्याच हातून झाली, ही गोष्ट जुन्या रसिकांनीं नेहमीं लक्षांत ठेवावयास हवी होती. मूळ कर्त्याचा हात लागल्यानें कथा सुरक्षित राहते, असा नियम नाहीं.

आतां मुद्द्याची गोष्ट अशी कीं, अपुऱ्या राहिलेल्या कथेवर माणसाचें जें प्रेम जडतें तें पुऱ्या झालेल्या कथेवर जडत नाहीं. पुरी झालेली कथा आपण मिटून ठेवतों. अपुरी कथा प्रत्येकजण आपल्या मनांत पुढें चालवितो. 'गॅलॅक्टिके'च्या रसिकांनीं पंचवीस वर्षें हेंच केलें. १९७८ सालच्या त्या कथेंत जें नव्हतें, म्हणजे शोकाचें गांभीर्य, प्रवासाचा शेवट, पृथ्वीचें दर्शन, तें सर्व त्यांनीं आपल्या पदरचें घालून भरून काढलें. त्यांचें प्रेम त्या कथेनें दिलेल्या वचनावर होतें. आणि तें वचन पाळलें गेलें नसल्यामुळेंच तें कधीं शिळें झालें नाहीं. नव्या निर्मात्याचा सामना पडतो तो या मनांतल्या 'गॅलॅक्टिके'शीं. जुन्या चित्रफितींशीं स्पर्धा करणें सोपें. पंचवीस वर्षें मनांत वाढत गेलेल्या कृतीशीं स्पर्धा करणें जवळ जवळ अशक्य होय.

या रसिकांत सर्वांत आघाडीवर कोण असावें? स्वतः अपोलो! रिचर्ड हॅच यांनीं मूळ कथा पुढें नेणाऱ्या कादंबऱ्या इतरांच्या सहकार्यानें लिहिल्या. इतकेंच नव्हे तर १९९९ सालीं पदरचे पैसे खर्चून, जुन्या नटांपैकीं कांहींना जमवून, पुढील कथेची एक छोटी चित्रफीत तयार केली आणि ती रसिकांच्या मेळाव्यांतून दाखविली. मालक कंपनीनें ती स्वीकारली नाहीं. २००१ सालीं ब्रायन सिंगर व टॉम डिसँटो यांनीं जुनीच कथा पुढें चालविण्याचा बेत केला व तयारीहि सुरू झाली. परंतु त्या वर्षींच्या ११ सप्टेंबरच्या घातपातानंतर काम लांबणीवर पडलें, सिंगर दुसऱ्या चित्रपटास बांधलेले असल्यानें निघून गेले, आणि तो बेत मोडला. यानंतर कंपनीनें कथा डेव्हिड आइक व रोनाल्ड मूर यांच्या हातीं दिली. जुना धागा पुढें न चालवितां तो तोडून सारें वस्त्र नव्यानें विणावयाचें, असें त्यांनीं ठरविलें.

नव्या रचनेची बातमी फुटतांच जो गहजब झाला त्याचें मुख्य निमित्त म्हणजे स्टारबक. ती आतां स्त्री झाली होती. केटी सॅकहॉफ यांची ही कारा थ्रेस चिरूट ओढते, पत्ते खेळते, वरिष्ठांवर हात उगारते. परंतु जुन्या स्टारबकच्या थट्टेखालीं जें निर्मळ सुख होतें त्याच्या जागीं हिच्या उद्दामपणाखालीं जुनी जखम आहे. डर्क बेनेडिक्ट यांनीं २००४ सालीं लेख लिहून या सर्व बदलावर कडक टीका केली. पुरुषाच्या पुरुषपणाची नव्या काळाला लाज वाटूं लागली आहे, हा त्यांच्या टीकेचा रोख होता. इतर तक्रारीहि होत्या. सायलॉन हे आतां मानवानेंच निर्माण केलेले, आणि त्यांतले कांहीं हुबेहूब मानवासारखे दिसणारे, टाय मद्यपी, अडामा व त्याचा पुत्र यांच्यांत वैर. नवे अडामा, एडवर्ड जेम्स ओल्मोस, यांनीं तर जुन्या मालिकेच्या भक्तांनीं ही नवी पाहूंच नये असें जाहीरपणें सुचविलें. बोलणें प्रामाणिक होतें. पण ज्यांनीं पंचवीस वर्षें देवळांतला दिवा विझूं दिला नाहीं, त्यांनाच जीर्णोद्धाराच्या दिवशीं देवळाबाहेर थांबा म्हणून सांगावें, तसें तें त्यांना लागलें असल्यास नवल नाहीं.

डिसेंबर २००३ मध्यें नव्या कथेचा पूर्वभाग साय-फाय वाहिनीवर दोन रात्रीं दाखविला गेला. पूर्ण मालिका २००४ च्या ऑक्टोबरांत प्रथम इंग्लंडमध्यें व जानेवारी २००५ मध्यें अमेरिकेंत सुरू झाली, आणि मार्च २००९ मध्यें संपली. ती आम्हीं आरंभीं संशयानें पाहिली आणि पुढें आदरानें पाहिली, हें येथें कबूल केलें पाहिजे. तिचा थोरपणा आमच्या मतें एकाच गोष्टींत आहे: जुनी कथा जें विसरली तें हिनें लक्षांत ठेवलें. शासनसंस्थेचे सर्व अधिकारी मेल्यामुळें वारसाच्या क्रमांत त्रेचाळिसाव्या असलेल्या शिक्षणमंत्री लॉरा रॉझलिन राष्ट्राध्यक्ष होतात. मेरी मॅक्डॉनेल यांनीं रंगविलेली ही बाई आपल्या कचेरींतील फळ्यावर जिवंत माणसांची संख्या लिहून ठेवते. आरंभीं ती पन्नास हजारांच्या आसपास असते व पुढें घटत जाते. मालिकेच्या पहिल्या भागांत शत्रु दर तेहतीस मिनिटांनीं येऊन गांठतो. पांच दिवस कोणाच्या डोळ्याला डोळा नाहीं. आणि शत्रूनें मागावर घातलें असल्याच्या संशयावरून स्वकीयांचेंच एक प्रवासी यान, आंत माणसें आहेत कीं नाहींत याचा निश्चय नसतां, अपोलो व स्टारबक यांस पाडावें लागतें. भागाच्या अखेरीस ताफ्यांत एक मूल जन्मास येतें, आणि बाई फळ्यावरचा आंकडा पुसून त्यांत एक मिळवितात. सारी जुनी मालिका ज्या शोकाला चुकवून पुढें पळाली, तो शोक येथें एका आंकड्यांत उभा केलेला आहे. या भागास २००५ चें ह्यूगो पारितोषिक मिळालें, तें योग्यच होय.

दोन्ही मालिकांतील एकच पात्र घेऊन तुलना केली म्हणजे भेद अधिक स्पष्ट होतो. जुन्या मालिकेंत 'पेगॅसस' नांवाची दुसरी युद्धनौका सांपडते. तिचा सेनापति केन हा लॉइड ब्रिजेस यांनीं उभा केलेला, धाडसी, हट्टी, पण मनमोकळा वीर आहे, व शेवटीं तो शत्रूवर बेधडक तुटून पडतो. नव्या मालिकेंत केन ही स्त्री आहे. नागरिकांचीं यानें भेटलीं तेव्हां तिनें त्यांचे उपयोगी भाग काढून घेतले, उपयोगी माणसें सक्तीनें नोकरीस लावलीं, आणि बाकीच्यांना अवकाशांत सोडून दिलें. जुन्या केनचें शौर्य व नव्या केनचें क्रौर्य हीं एकाच स्वभावाचीं दोन टोंकें आहेत. युद्धांत जिंकणें एवढेंच ज्याचें ध्येय त्याच्या हातीं माणसें दिलीं तर काय होईल, हा प्रश्न १९७८ च्या कथेंत बीजरूपानें होता. नव्यांनीं त्याला पाणी घातलें. तीच गोष्ट बाल्टरची. तेथें तो सत्तेसाठीं जाणूनबुजून फितूर झालेला. येथें तो गर्विष्ठ व स्त्रीलंपट शास्त्रज्ञ, आपण कोणाला किल्ल्या देत आहों हें ज्याला कळलेंहि नाहीं असा. पहिल्याचा आपण द्वेष करतों आणि निर्धास्त राहतों. दुसऱ्याकडे पाहतां आपलीच लाज वाटते. पुढें शत्रूच्या ताब्यांतील वसाहतींत आपलेच नायक आत्मघातकी स्फोट घडवितात, तेव्हां अमेरिकेचें सैन्य इराकांत असतांना अमेरिकन प्रेक्षकांपुढें ही गोष्ट ठेवण्याचें धैर्य या मंडळींनीं दाखविलें. मार्च २००९ मध्यें संयुक्त राष्ट्रसंघाच्या न्यूयॉर्क येथील कार्यालयांत या मालिकेंतील प्रश्नांवर चर्चा घडवून आणली गेली, तिचें कारण हेंच.

परंतु लाभाचा हिशेब मांडतांना हानीचाहि मांडला पाहिजे. जुन्या मालिकेंत जो निर्व्याज जिव्हाळा होता तो नवींत नाहीं. तेथें पिता पुत्राच्या खांद्यावर हात ठेवी तेव्हां तो नुसताच हात असे. येथें प्रत्येक स्पर्शामागें जुनें भांडण आहे. मुलांनीं आईबापांजवळ बसून पाहावी अशी ती कथा होती. ही मुलांना दाखवितां येत नाहीं. टाय व बूमर या दोन भूमिकांतून कृष्णवर्णीय नटांना जो मान मिळाला होता तो नव्या पात्रयोजनेंत त्या जागीं राहिला नाहीं, ही हानि स्टारबकच्या नांवानें झालेल्या आरडाओरडीहून आम्हांस अधिक विचारणीय वाटते. आणि सर्वांत मोठी हानि आशेची. चांगलीं माणसें संकटांतहि चांगलींच राहतील हा भाबडा पण पौष्टिक विश्वास जुन्या कथेनें ज्या मुलांना दिला, त्यांनीं तो नव्या कथेंत शोधला असेल व त्यांना तो सांपडला नसेल, तर त्यांना अरसिक म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

येथें आमचाच एक अनुभव सांगणें प्राप्त आहे. नव्या मालिकेच्या शीर्षकसंगीतांत, रिचर्ड गिब्ज यांच्या रचनेंत, गायत्री मंत्राचे शब्द गाइलेले आहेत. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलांतील, विश्वामित्राच्या नांवावरील, आमच्याकडे मुंजींत बटूच्या कानांत सांगितला जाणारा तो मंत्र परक्या सुरांत, पेटलेल्या नगरांच्या व पळणाऱ्या यानांच्या चित्रांवर जेव्हां आम्हीं प्रथम ऐकला, तेव्हां आम्हीं चमकलों. यांना हा मंत्र कोणी दिला, असा प्रश्न मनांत आला. त्याच्या पाठोपाठ अंगावर कांटा आला. आणि सर्व जग अंधारांत बुडालें असतां सवित्याच्या तेजाचें ध्यान करणारे शब्द इतके सार्थ यापूर्वीं आपण क्वचितच ऐकले, असेंहि वाटलें. राग आणि कृतज्ञता एकाच क्षणीं! जुन्या 'गॅलॅक्टिके'च्या भक्तांचा रुसवा आम्हांस तोंवर नुसता बुद्धीनें समजत होता. त्या क्षणीं तो आंतून समजला. आपली वस्तु दुसऱ्याच्या हातांत अधिक तेजस्वी दिसली म्हणून ती आपल्या हातून गेल्याची रुखरुख नाहींशी होत नाहीं.

नव्या कर्त्यांना या ऋणाची जाणीव नव्हती असें मात्र म्हणवत नाहीं. पूर्वभागाच्या आरंभीं 'गॅलॅक्टिका' ही निवृत्त होऊन संग्रहालय बनावयाची आहे. तेथें जुन्या घाटाचा सायलॉन कांचेआड मांडून ठेवलेला दिसतो, आणि निरोपाच्या समारंभांत स्टू फिलिप्स यांची १९७८ सालची शीर्षकधून राष्ट्रगीतासारखी वाजते. याहून मार्मिक योजना हॅच यांच्या बाबतींत झाली. प्रथम विरोधांत उभे असलेले हॅच नव्या मालिकेंत आले, ते टॉम झॅरेक या बंडखोर कैद्याच्या भूमिकेंत. नवा अपोलो त्या तुरुंगनौकेवर जातो. जुना अपोलो त्याला ओलीस धरतो आणि विचारतो, तुम्हांला राज्य करण्याचा अधिकार कोणी दिला? निवडणूक कोठें झाली? कथेंत हा प्रश्न राष्ट्राध्यक्षांच्या सत्तेबद्दल आहे. परंतु ज्यांनीं दोन्ही मालिका पाहिल्या आहेत त्यांना तो पंचवीस वर्षांच्या रसिकांच्या वतीनें नव्या मालकांना विचारलेला ऐकूं येतो. आणि नवा अपोलो त्याला गोळी घालीत नाहीं. तुझें म्हणणें रास्त आहे असें मानून तो निवडणुकीचें वचन देतो. पुढें अखेरच्या पर्वांत झॅरेक अडामाविरुद्ध उठाव करतो व त्यांत देहदंड पावतो. हॅच यांनीं ही भूमिका इतक्या कसानें केली कीं, २०१७ सालीं ते निवर्तले तेव्हां दोन्ही पिढ्यांच्या रसिकांना ते आपले वाटत होते. विरोधाचा विरोध न सोडतां त्याला घरांत जागा देणें, ही पुनर्निर्मितीची खरी सभ्यता होय.

तरीहि एक प्रश्न उरतो, आणि तो कलेच्या क्षेत्राबाहेरचा आहे. आमच्याकडे रामकथा ज्यानें त्यानें आपापल्या परीनें सांगितली. एकट्या मोरोपंतांच्या नांवावर एकशें आठ रामायणें आहेत. त्यामुळें वाल्मीकीचें किंवा एकनाथांचें रामायण कोणी बंद करून ठेवलें नाहीं. त्या अंगणांत आसनें वाटेल तितकीं मांडतां येत होतीं. 'गॅलॅक्टिके'चें तसें नाहीं. ती एका कंपनीची मिळकत आहे. त्या मिळकतींत आसन एकच, आणि त्यावर एका वेळीं एकालाच बसतां येतें. मूर यांची कथा उभी राहिली त्याच दिवशीं हॅच यांची पुढील कथा, डिसँटो यांचा अर्धवट बेत आणि हजारों रसिकांच्या मनांतला तो परतीचा प्रवास कायमचा निकालांत निघाला. ज्या निरोपाकडे अपोलोची पाठ होती तो निरोप आतां त्याला कोणीहि देणार नव्हतें. रसिकांनीं स्टारबकच्या नांवानें आक्रोश केला, पण त्यांचें खरें दुःख हें होतें. तें त्यांना नीट सांगतां आलें नाहीं, आणि टीकाकारांनीं तें ऐकूनहि घेतलें नाहीं. कोणी नवी कथा सांगितली म्हणून रागावणें गैर. एक सांगितली म्हणून दुसरीला कायमची बंदी व्हावी, ही व्यवस्था गैर आहे असें म्हणणें मात्र अगदीं रास्त आहे. रागाचा बाण नेमका लागला नाहीं म्हणून राग खोटा ठरत नाहीं.

काळाचा न्याय मोठा गमतीचा असतो. नव्या मालिकेचा शेवट २००९ सालीं झाला तेव्हां तिच्याच भक्तांत फूट पडली: यंत्र, राजकारण व युद्ध यांवर उभी असलेली कथा अखेरीस दैवी सूत्रावर सोडून दिली, असें कित्येकांना वाटलें. पुढें २०१९ सालीं 'पीकॉक' या नव्या वाहिनीसाठीं सॅम इस्मेल यांच्या हातून आणखी एक 'गॅलॅक्टिका' होणार अशी वार्ता आली. २०२४ सालीं त्या वाहिनीनें तो बेत सोडून दिला. मधल्या पांच वर्षांत, ज्यांनीं जुन्या रसिकांना सनातनी म्हणून हिणविलें होतें, त्यांपैकीं कित्येकांच्या मनांत तीच धाकधूक उठली असेल: आमचा अडामा, आमची रॉझलिन, आमची कारा आतां कोणाच्या हातीं पडणार? दोन्ही पिढ्यांनीं एकमेकांना ओळखण्याची ती चांगली संधि होती.

आमचें मत आम्हीं वर मांडलेंच आहे: नवी 'गॅलॅक्टिका' ही श्रेष्ठ कृति आहे, जुनी ही कृति म्हणून दुबळी आहे, आणि तरीहि जुनीवरचें प्रेम हें नवीवरच्या आदराइतकेंच खरें आहे, किंबहुना तें प्रेम नसतें तर नवीला जन्मच मिळाला नसता. हें नव्या मालिकेच्या कर्त्यांनाहि ठाऊक असावें. शेवटच्या भागांत दमलेलीं माणसें आपल्या पृथ्वीवर उतरतात, यंत्रांचा त्याग करतात, आणि रिकामा ताफा सूर्याच्या दिशेनें सोडून देतात. नौका एकामागून एक तेजांत शिरूं लागतात, तेव्हां पार्श्वभूमीवर पुन्हां ती जुनी, १९७८ सालची धून ऐकूं येते. जुन्या रसिकांना देण्यासारखें नव्या मंडळींजवळ त्या वेळीं तेवढेंच होतें, आणि तें त्यांनीं दिलें. ज्यांनीं रविवारच्या संध्याकाळीं ती धून प्रथम ऐकली होती व पुढें रागानें नवी मालिका पाहण्याचें टाळलें, त्यांनीं निदान तेवढा एक शेवटचा भाग पाहावा, असें आम्ही त्यांना सुचवितों.